तिन्ही कामांना एकच सायकल

४ ऑगस्ट

काळी गेली. मिस्त्रीने तिला दुकानात उलटी टांगली, पॅडलच्या वरच्या जोडावर बोट ठेवलं आणि म्हणाला, "मॅडम, ही चीर बघा. आता हिच्यावर बसायचं नाही." चीर केसाएवढी होती. मी दिवसभर कवळ्या बनवते. केसाएवढी चीर म्हणजे काय, ते मला कुणी समजवायला नको. पंधरा वर्षांची सायकल तिथेच सोडून पायी घरी आले आणि रस्त्यात रडले. कुणी पाहिलं असेल तर पाहू दे.

वही नवी आहे, तेव्हा एकदाच सगळं लिहून ठेवते. घर दोन मजली. खाली मी आणि नवरा, वर दीर आणि माझी जाऊ. तिला सगळे धाकटी म्हणतात, आणि चाळिशीला आली तरी म्हणणार. ती तरणतलावावर मोठ्या माणसांना पोहायला शिकवते. लोकांना पाण्यात ढकलणं हा तिचा धंदा. बाकीच्या घरांत जावांचं पटत नाही. आमचं इतकं पटतं की नातेवाइकांना संशय येतो. याचं कारण सायकल. कामाला आम्ही बरोबर निघतो, पुलावर फाटे फुटतात. रविवारी जंगलातली कच्ची वाट. आणि अठ्ठावीस सप्टेंबरला मोठी सफर: डोंगर चढून, पलीकडे उतरून, नदीच्या काठाने थेट समुद्रापर्यंत. अठरा दिवस.

चार वर्षं ठरतंय. पहिल्या वर्षी मला हवं तसं कॅरिअर मिळालं नाही. दुसऱ्या वर्षी नकाशा जुना निघाला. मागच्या वर्षी टायरचा प्रश्न होता. यंदा कसलंच विघ्न नव्हतं, तर काळी गेली.

९ ऑगस्ट

रविवार. दिरांची सायकल मागून घेतली आणि जंगलात गेलो. आज बरोबर नणंदही होती. नवऱ्याची धाकटी बहीण. दोन गल्ल्या पलीकडे राहते, कुरिअरच्या ऑफिसात आहे. तिला सायकलमधलं ओ की ठो कळत नाही. शेजाऱ्याची कुठलीशी खटारा सायकल घेऊन आली होती, सीट वाकडी, मागचा ब्रेक नावाला. मी तिला म्हटलं, अशा सायकलवर जंगलात जाऊ नये. ती म्हणाली, "वहिनी, गेलेच आहे की."

खाणीजवळच्या उतारावर मी नेहमीप्रमाणे उतरून चालले. यात भीतीबिती काही नाही. ब्रेकचं रबर फुकट झिजतं, आणि सायकल दुसऱ्याची होती. नणंद मात्र दोन्ही पाय फाकवून, किंचाळत, खाली गेली. धाकटी तिच्या मागोमाग. मी पोचले तेव्हा दोघी झाडाखाली बसल्या होत्या, आणि धाकटीच्या बाटलीतलं पाणी संपलेलं होतं. किती वेळ लागला असेल मला? फार तर वीस मिनिटं.

१४ ऑगस्ट

नवऱ्याने जाहीर केलं आहे की जिन्याखाली आता फक्त एकाच सायकलची जागा उरली आहे. दिरांची, धाकटीची आणि माझी, तीन झाल्या की संपलं. म्हणजे माझी एकच सायकल, आणि तिने तिन्ही कामं करायची: रोज सहा किलोमीटर कामाला, तेही मागे साच्यांची पेटी बांधून, रविवारी दगडमातीत, आणि वर्षातून एकदा अठरा दिवसांचं बिऱ्हाड घेऊन.

वाचायला सोपं वाटतं. लांब पल्ल्याच्या सायकलला लोखंडी फ्रेम आणि चार पिशव्यांची सोय असते, पण टायर बारीक, चिखलात बसकण मारते. डोंगरी सायकलचे टायर जाडजूड, पुढे शॉक, पण कॅरिअर लावायला भोक नाही. शहरातली सायकल अंगावर चिखल उडवत नाही, ताठ बसवते, आणि चढ दिसला की रुसते. तिघींचे गुण एकीत हवेत. मी वहीत रकाने पाडले आहेत. चाकाचा घेर, टायर किती जाड मावतो, गिअर, ब्रेक, वजन, भोकं किती आणि कुठे. एकवीस सायकली झाल्या.

नवरा रकाने बघून म्हणाला, "मला निवडताना एवढा विचार केला होतास का?" मी म्हटलं, नव्हता केला, म्हणूनच आता करतेय. तो हसला, पण नंतर बराच वेळ पेपर वाचत बसला.

२२ ऑगस्ट

सापडली. बहुतेक.

मिस्त्रीने फोन करून बोलावलं. राखाडी रंग, लोखंडी फ्रेम, हँडल सरळ पण टोकांना मागे वळलेलं, टायर दोन इंची मावतील एवढी जागा, कॅरिअरला आणि मडगार्डला पुढे-मागे भोकं. माझ्या उंचीची एकच फ्रेम आली होती. मिस्त्री म्हणाला, या मापाची पुन्हा कधी येईल सांगता येत नाही. चालवून बघितली. बसल्या बसल्या अंगाला लागली. पुलापर्यंत जाऊन आले, चढावरही कुरकुर नाही.

मिस्त्रीने विचारलं, बांधून देऊ? मी म्हटलं, थांबा.

माझ्या कामाची रीत आहे. कवळी आधी मेणात उभी राहते. मेणावर दात बसवायचे, पेशंटच्या तोंडात लावून बघायचे, चावा जुळतो का, हसल्यावर किती दिसतात, 'स' म्हणताना शिट्टी वाजते का. मेणात आहे तोवर दात इकडचा तिकडे करता येतो. एकदा साचा उकळून मेणाच्या जागी प्लास्टिक बसलं की झालं, ते कायमचं. आमच्या डॉक्टरबाई म्हणतात दोनदा बघितलं की पुरे. मी तीनदा बघते, आणि माझी कवळी आजवर परत आलेली नाही. सायकलसुद्धा तीनदा बघेन.

२९ ऑगस्ट

संध्याकाळी धाकटी खाली आली. चहा केला. राखाडीचं सगळं सांगितलं. तिने एरवी असतं त्यापेक्षा नीट ऐकलं, मधेमधे प्रश्न विचारले. कुठलं कॅरिअर घेशील, पिशव्या कुठल्या, गिअर डोंगराला पुरतील ना. मग म्हणाली, ताई, तुझ्या वहीच्या पानांचे फोटो काढू का? मला फार बरं वाटलं. चार वर्षांत तिने पहिल्यांदाच माझ्या वहीत रस घेतला.

निघताना दारात उभी राहून तिने विचारलं, "ताई, तू खरंच येणार आहेस ना?"

मी म्हटलं, तेच तर चाललंय. फक्त टायर गुळगुळीत घ्यावेत की नक्षीचे, एवढंच राहिलंय. गुळगुळीत घेतले तर जंगलात घसरतील, नक्षीचे घेतले तर डांबरावर ओढतील. ती मग "बरं" म्हणाली आणि वर गेली. तलावावर फार दमते हल्ली.

५ सप्टेंबर

दुसरी चाचणी. आज सीटची उंची पक्की केली. टाच पॅडलवर, गुडघा सरळ, मग दोन बोटं कमी. तिथे दांड्याला पांढरी चिकटपट्टी गुंडाळली आणि पेनाने रेघ मारली, म्हणजे मिस्त्रीच्या दुकानात कुणी उंची हलवली तरी कळेल. हँडल एक बोट वर घेतलं. मिस्त्री म्हणाला, आता तरी नेताय का? दोन गिऱ्हाइकं विचारून गेलीत. मी म्हटलं, सोमवारी सांगते, तोवर ठेवा.

तिसरी चाचणी उतारावर करायला हवी. ब्रेक कसे लागतात ते कळेल. उतार चढून वर जाईपर्यंत उशीर झाला, म्हणून केली नाही.

८ सप्टेंबर

सोमवार उलटून गेला. डॉक्टरबाईंकडे दोन पूर्ण कवळ्या तातडीच्या आल्या, मिस्त्रीकडे जाणं झालं नाही. फोन करता आला असता, पण फोनवर टायरचं बोलणं नीट होत नाही.

१० सप्टेंबर

धाकटीने तंबूच्या काठ्या मागितल्या. आमचा तंबू एकच आहे, आणि पहिल्यापासून वाटणी ठरलेली: कापड तिच्याकडे, काठ्या, खुंट्या आणि हत्यारांची पिशवी माझ्याकडे. एकीला सोडून दुसरी निघूच शकत नाही, असं मी गमतीने म्हणते. ती म्हणाली, गच्चीवर एकदा उभारून बघते, कुठे फाटलाय का. मी काठ्यांचं लवचीक रबरही बदलून दिलं, टोकं घासून गुळगुळीत केली. हत्यारांची पिशवीही मागितली, तिचा पान्हा हरवला म्हणे. तिला कुठली वस्तू जागेवर ठेवायची सवय नाही.

१२ सप्टेंबर

आज जे झालं ते कुणाला सांगता येत नाही, म्हणून इथे लिहिते.

कामावरून येताना मिस्त्रीकडे गेले. राखाडी नव्हती. मिस्त्री हात पुसत बाहेर आला आणि उलट मलाच म्हणाला, मॅडम, काय चेष्टा करता, परवाच तर नेली. मी विचारलं, कुणी? तर म्हणाला, "तुमच्या जाऊबाई होत्या, बरोबर साहेब होते. मी म्हटलं, ही मॅडमनी बघून ठेवलीय, तर त्या म्हणाल्या, घरातच चाललीय."

साहेब म्हणजे नवरा!

मी मिस्त्रीला म्हटलं, मी इथे आले होते हे सांगू नका. तो काहीतरी बोलणार होता, पण मी ऐकायला थांबलेच नाही. घरी येईपर्यंत पाय जमिनीला लागत नव्हते. म्हणजे हा सगळा बेत! वहीचे फोटो, कॅरिअरची चौकशी, काठ्या. सत्तावीसला, निघायच्या आदल्या दिवशी, सायकल अंगणात उभी करणार आणि मला डोळे मिटायला लावणार. आणि हा माझा नवरा, ज्याला पंपाचं तोंड कुठलं ते माहीत नाही, तो स्वतः दुकानात गेला. त्याला मी किती बोलत असते.

घरी कुणालाही ताकास तूर लागू दिली नाही. चेहरा पाडून म्हटलं, ती राखाडी गेली वाटतं कुणीतरी घेऊन. नवरा एकदम म्हणाला, "कोण म्हणालं?" आणि कानामागे खाजवायला लागला. खोटं बोलताना तो तिथेच खाजवतो. मला हसू आवरेना, स्वयंपाकघरात पळाले.

१७ सप्टेंबर

आज घंटी घेतली. पितळेची, वाटीएवढी. आवाज लांब जातो आणि गोड आहे. बेत मोडू नये म्हणून कपाटात साड्यांच्या खाली ठेवली आहे.

घरात सगळे माझ्याशी फार जपून वागताहेत. दीर, जे वर्षातून चार वाक्यं बोलतात, त्यांनी आज आपणहून विचारलं, वहिनी, तब्येत बरी आहे ना? धाकटी दोन दिवस खाली फिरकली नाही. मी जिन्यात गाठून म्हटलं, काय गं, तोंड चुकवतेस का? तिचा चेहरा असा झाला की मला तिची दया आली. गुपित ठेवणं हे तिचं कामच नव्हे. मी तिला मिठी मारली आणि सांगितलं, घाबरू नकोस, सगळं छान होणार आहे. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

डॉक्टरबाईंना अठरा दिवसांच्या रजेचं तोंडी सांगून ठेवलं. त्या म्हणाल्या, दरवर्षी सांगतेस. यंदा बघाच, म्हटलं.

२० सप्टेंबर

नणंदेचा धुतलेला स्वेटर आमच्या कपड्यांत आला होता. तो द्यायला सकाळी तिच्याकडे गेले. पडवीत राखाडी उभी होती.

मला वाटलं, अच्छा, इथे लपवली आहे. तशीच पुढे गेले आणि हँडलवरून हात फिरवला. कॅरिअर लावलेलं होतं, मी वहीत लिहिलेलंच. पिशव्या त्याच. दांड्यावर माझी पांढरी चिकटपट्टी, माझी रेघ. नणंद आतून आली. मी हसत म्हटलं, पकडलं की नाही? तुमचं सगळं बिंग फुटलं. कधी आणून देणार होतात मला, सत्तावीसला?

ती खांबाला धरून उभी राहिली. तिच्या पायात सायकलचे नवे बूट होते.

मग म्हणाली, "वहिनी, ही माझी आहे."

मी म्हटलं, हो हो, कळलं. ती म्हणाली, "नाही, खरंच माझी आहे. मी जातेय धाकटीबरोबर. तुला आजच सांगणार होतो सगळे मिळून."

सगळे मिळून. मी स्वेटर तिच्या हातात दिला आणि परत आले. कुठल्या रस्त्याने आले ते आठवत नाही.

२० सप्टेंबर, दुपार

आठ दिवस. बारा तारखेपासून आज वीस. आठ दिवस मी या घरात आतल्या आत हसत होते, आणि हे चौघं मला बघत होते. मी तिला जिन्यात मिठी मारली. मी म्हणाले, घाबरू नकोस. तंबूच्या काठ्यांची टोकं घासून दिली. केसाने गळा कापला माझा, आणि त्यांच्या हातात तो केस मीच दिला.

सायकल गेली त्याचं इतकं नाही. खोटं. सायकलचंही आहेच. पण 'घरातच चाललीय' हे तिने मिस्त्रीला ज्या तोंडाने सांगितलं असेल ते तोंड मला सारखं दिसतंय.

२१ सप्टेंबर

काल संध्याकाळी बोलणं झालं. मी बोलावलं नव्हतं, तेच आले. नवरा खुर्चीत, दीर दारात, धाकटी माझ्यासमोर.

नवऱ्याने सुरुवात केली आणि भलतंच बोलायला लागला. म्हणे, बहिणीला सायकलमधलं काय कळणार म्हणून तिच्या वतीने तो धाकटीबरोबर दुकानात गेला. मी विचारलं, तुला काय कळतं? मी म्हटलं, बावीस वर्षांच्या संसारात तू माझ्यासाठी एकदाही त्या दुकानात आला नाहीस. त्याने मान खाली घातली. वर बघून म्हणाला की मला वाईट वाटेल म्हणून लपवलं. म्हणजे वाईट वाटणार हे ठाऊक होतं आणि तरी केलं.

धाकटी सरळ बोलली. निदान तेवढं तरी.

"ताई, मी तुला विचारलं होतं."

"कधी?"

"दर महिन्याला."

मी म्हटलं, तुला सोडून जातेय असं एका वाक्यात सांगायचं होतंस. मी दुसऱ्या दिवशी सायकल घेतली असती.

"माहीत आहे मला," ती म्हणाली. "घेतली असतीस. आणि खाणीच्या उतारावर जशी उभी राहतेस तशी डोंगराच्या माथ्यावर उभी राहिली असतीस. मग मी तुला सोडून पुढे गेले नसते, ताई. परत आले असते. आणि मला समुद्र बघायचाय."

मी तिला विचारलं, मग माझ्या उंचीची, माझी बघून ठेवलेली सायकलच का? गावात दुसरी नव्हती? ती म्हणाली, तूच तर शोधलीस, तुझ्याइतकं चांगलं कुणाला शोधता येतं. हे तिने कौतुक म्हणून सांगितलं. मला तोंडात मारल्यासारखं झालं.

उतारावर मी का उतरते ते मी कितीदा सांगितलंय. रबर झिजतं. ब्रेकचं रबर झिजतं याला भीती म्हणत नाहीत.

२४ सप्टेंबर

नवऱ्याशी फक्त कामापुरतं बोलते. तो भांडी घासतो, केर काढतो, आणि मी बघतेय का ते बघतो. डॉक्टरबाईंना सांगितलं, रजा नको. त्या हं म्हणाल्या आणि पुढच्या पेशंटचा साचा हातात दिला. त्यांना आश्चर्यसुद्धा वाटू नये?

एका आजोबांच्या कवळीवर आज चार चाचण्या केल्या. चौथ्या वेळी आजोबा म्हणाले, बाई, आता चावू द्या मला काहीतरी.

२८ सप्टेंबर

गेल्या. सकाळी सहाला जिन्याखालून सायकल काढल्याचा आवाज आला. मी पांघरूण डोक्यावरून घेऊन पडून होते. धाकटीने दाराशी येऊन दोनदा हाक मारली, हळू. मी जागी आहे हे तिला माहीत होतं, आणि तिला माहीत आहे हे मलाही. नवरा उठून बाहेर गेला. त्याने काहीतरी बांधून दिलं, पाण्याच्या बाटल्या भरल्या. मग नणंदेचं हसणं, मग रस्त्यावर चाकांची सरसर, आणि संपलं.

उठले तेव्हा जिन्याखाली माझी जागा मोकळी होती आणि धाकटीचीही. खूप मोठी दिसत होती.

४ ऑक्टोबर

रविवार. संध्याकाळी धाकटीचा फोन आला. मी उचलणार नव्हते, पण सात दिवसांत पहिलाच होता, काय झालं असेल कळेना.

काल घाटमाथ्यावर पोचल्या. तिथे नणंद सायकलवरून उतरताना, उभ्या उभ्या, दगडावरून पाय घसरून पडली. गुडघा सुजला आहे, मोडलेला नाही. आज संध्याकाळच्या बसने ती परत निघाली, उद्या पोचेल. राखाडी तिथेच, ज्या बाईंच्या घरी उतरल्या आहेत त्यांच्या गोठ्यात ठेवली आहे.

आधी मला वाटलं, बरं झालं. इथे कुणी वाचणार नाही म्हणून लिहिते.

मग धाकटी म्हणाली, "ताई, तू ये. उद्या चारची बस आहे, परवा सकाळी इथे पोचतेस. सायकल तुझ्याच मापाची आहे, चिकटपट्टीसुद्धा काढलेली नाही. मी चुकले. कसं चुकले ते तू समोर आलीस की सांगते, फोनवर नाही जमत. चढ सगळा संपलाय. इथून पुढे उतार आणि नदी. मी हळू जाईन, तू चालत उतरलीस तरी थांबेन. शपथ."

बाहेर वारा होता बहुतेक, फोनमध्ये फडफडत होता. ती म्हणाली, "ऐकतेयस ना? मी खरंच थांबेन."

मी म्हटलं, उद्या सकाळी सांगते.

मग म्हणाली, बरं, ताई.

५ ऑक्टोबर

सकाळी लगेच सांगणारच होते. पण आधी सायकलची अवस्था कळायला नको? सात दिवस नणंदेच्या हातात होती. म्हणून तिची वाट पाहिली. ती दहाला बसमधून उतरून लंगडत तडक आमच्याकडेच आली, आणि माझ्या पायाशी बसली. रडली. मी तिच्या गुडघ्याला शेक दिला; राग असला तरी गुडघ्याचा काय दोष. मग विचारायला लागले. ब्रेक ओढल्यावर दांडी किती आत येते? मागचा आवाज करतो का? ती म्हणाली, वहिनी, मस्त चालते, तू फक्त जा. असं मोघम सांगून कसं चालेल? मिस्त्रीकडे गेले. तो म्हणाला, नवे ब्रेक आहेत, दोन हजार किलोमीटर बघावं लागणार नाही. मी विचारलं, उतारावरचे दोन हजार की सपाटीवरचे? त्याने हात जोडले.

नवऱ्याने बॅग भरली. न विचारता. माझा रेनकोट, मोजे, औषधं, सगळं बरोबर भरलं होतं, आणि दारात ठेवून म्हणाला, "मी स्टँडवर सोडतो तुला. जा. माझ्यावरचा राग आल्यावर काढ." मला रडू आलं. याच्याशीच मी इतके दिवस बोलत नव्हते.

रजेचा अर्ज लिहिला. कामावर जाऊन द्यावा म्हणून निघाले, तर तिथे साचे उकळत ठेवलेले, सोडून येता येईना. दोनदा फोन वाजला. धाकटीच होती. उचलला नाही, कारण नक्की काय ते ठरल्याशिवाय बोलून उपयोग नसतो. चारची बस आज गेली. उद्याही चारला आहेच.

६ ऑक्टोबर

सकाळी ब्रेकचं एकदा कंपनीला विचारून घेतलं. त्यांनी सांगितलं, काळजी नको. तिसरी चाचणी झाली म्हणायची. मग माझं ठरलं. अगदी पक्कं ठरलं, मनात किंतु राहिला नाही, आणि किती दिवसांनी छाती मोकळी झाली. अडीच वाजता धाकटीला फोन लावला. लागेना. पुन्हा लावला. नणंदेकडून त्या उतरल्या होत्या त्या बाईंचा नंबर घेतला.

बाई म्हणाल्या, त्या सकाळीच निघाल्या. काल दिवसभर इथे दारात बसून होत्या, हातात फोन घेऊन. आज सकाळच्या बसलाही जाऊन उभ्या राहिल्या. तिच्यातून कुणी उतरलं नाही, तशा गेल्या, एकट्याच. दुसरी सायकल टेम्पोने तुमच्याकडे पाठवायला सांगितलीय. मी विचारलं, माझ्यासाठी काही निरोप? बाई आठवून बघत होत्या. मग म्हणाल्या, नाही, निरोप काही नाही.

नवरा स्टँडवर सोडायला तयार होऊन उभा होता. त्याला सांगितलं. त्याने गाडीची किल्ली खुंटीला अडकवली.

मी निघालेच होते. बॅग दारात भरलेली आहे. रजेचा अर्ज सहीसकट टेबलावर आहे, फक्त तारीख घालायची राहिली आहे. चार वर्षं मी हिच्यासाठी नकाशे काढले, रकाने भरले, आणि हिला माझ्यासाठी अजून एक दिवस थांबता आलं नाही. शपथ घेतली होती. मला एका शब्दाने न सांगता पुन्हा गेली.